सात वाजताचा भोंगा

सायंकाळचे सात वाजण्याच्या सुमारास काशीगावातील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जाऊन उभे राहावे. पूर्वेच्या बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या हळूहळू काळोखात मिसळत असतात. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग येथून जवळच आहे. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ताही काशीमिऱ्याला त्यास येऊन मिळतो. वाहनांच्या दिव्यांची रांग तुटता तुटत नाही. परंतु आज आपणांस पाहावयाचे आहे ते रस्त्यावरील दिव्यांकडे नव्हे, तर समोरच्या इमारतीतील खिडक्यांकडे.

काही खिडक्यांतून नेहमीचा स्थिर उजेड बाहेर पडत आहे. काही खिडक्यांतील उजेड मात्र निळसर आहे आणि तो सारखा थरथरत आहे. एका खोलीत आजी दूरचित्रवाणीवरील मालिका पाहत बसल्या आहेत. शेजारच्या खोलीतील दिवा मालवलेला आहे. पण एका मुलाचा चेहरा तेवढा उजळून निघाला आहे. स्वयंपाकघरात ओट्यावर, मसाल्याच्या डब्याला टेकवून, एक मोबाइल उभा केलेला आहे. बाबा नुकतेच मीरा रोड स्थानकावरून घरी आले आहेत आणि पायांतील मोजे न काढताच कोचावर बसून बोटाने पडदा वर सरकवीत आहेत. एकाच घरात चार माणसे आहेत, आणि ती चारही चार निरनिराळ्या ठिकाणी आहेत.

थोड्या वेळाने आई हाक मारते, "जेवायला ये रे."

"पाच मिनिटं, आई!"

पाच मिनिटे होतात. पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या हाकेला आईचा आवाज चढतो. चौथ्या वेळी मोबाइल हातातून ओढून घेतला जातो आणि मग जेवणाच्या ताटावर अबोला वाढला जातो. मुलांनो, हा प्रसंग तुमच्या घरी घडत नसेल तर तुम्ही भाग्यवान आहात. परंतु बहुतेक घरांतून तो घडतो. मुलाने दिलेले 'पाच मिनिटं' हे उत्तर खोटे होते, असे मात्र समजू नये. त्याला खरोखरच पाच मिनिटांत उठावयाचे होते. मग तो उठला का नाही? आळशीपणामुळे, की हट्टामुळे? या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या स्वभावात शोधण्यापूर्वी ते त्याच्या हातातील वस्तूत शोधणे अधिक योग्य होईल.

मनुष्याने आजवर करमणुकीची जी जी साधने निर्माण केली, त्या बहुतेकांस शेवट होता. कीर्तन रंगले तरी आरती झाली की श्रोते उठत. पुस्तक कितीही आवडले तरी त्याची पाने संपतात. विटीदांडूचा डाव ऐन भरात असला तरी अंधार पडला की विटी दिसेनाशी होते आणि मुले घरी परततात. फार कशाला, दूरचित्रवाणीचीही एके काळी हीच स्थिती होती. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबईस ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. त्या काळी वाहिनी एकच असे, तीही सायंकाळचे काही तास चाले आणि रात्री ठरलेल्या वेळी बंद होई. त्यानंतर संच चालू ठेवला तरी पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांवाचून काही दिसत नसे. तुमचे आजीआजोबा लहानपणी वेळेवर झोपत असत, याचे सारे श्रेय त्यांच्या शिस्तीला देण्याचे कारण नाही. त्यातील बराचसा वाटा या ठिपक्यांचा होता!

मोबाइलच्या पडद्यावरून हा शेवट नाहीसा झाला आहे. तो आपोआप नाहीसा झाला नाही; विचारपूर्वक काढून टाकण्यात आला. पूर्वी संगणकावर काही वाचताना एक पान संपले की 'पुढील पान' अशा अर्थाचे बटण दाबावे लागत असे. बटण दाबण्यापूर्वी क्षणभर हात थांबे आणि 'आता पुरे' असे मनात येण्यास तेवढा अवकाश मिळे. २००६ साली आझा रास्किन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने अशी योजना केली की, वाचक पानाच्या तळाशी पोहोचण्यापूर्वीच खाली नवा मजकूर येऊन जोडला जावा. बटण गेले आणि त्याबरोबर तो क्षणभराचा थांबाही गेला. वाचकाचे श्रम वाचावेत, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे या युक्तीचा जो परिणाम झाला तो पाहून खुद्द रास्किननेच तिच्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. आज चित्रफीत संपण्याच्या आत पुढची चित्रफीत आपोआप सुरू होते, तीही याच जातीची सोय होय.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. ताटातील जिलबी संपली की आपणांस कळते, आपण इतके खाल्ले. परंतु वाढपी जर तुमच्या पाठीशीच उभा राहिला आणि ताट रिकामे होण्यापूर्वीच त्यात भर घालू लागला, तर किती खाल्ले याचा हिशेब राहत नाही. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. आणि ती होते तेव्हा पोट नुसते भरलेले नसते, दुखू लागलेले असते. अशा वेळी जाणते लोक काय करतात? ते ताटावर आडवा हात धरतात. मोबाइलमधील वाढपी तर अधिकच आग्रही असतो, कारण त्याचे उत्पन्न तुमच्या खाण्यावर अवलंबून असते. तुम्ही जितका वेळ पाहाल, तितक्या अधिक जाहिराती तुम्हांला दाखविता येतात आणि त्या जाहिरातींचे पैसे कंपनीला मिळतात. फुकट म्हणून जे आपण पाहतो, त्याची किंमत आपण वेळाच्या रूपाने मोजत असतो.

आणखी एक गोष्ट आहे. भाईंदरच्या खाडीकाठी गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. तासन् तास काही लागत नाही, तरी ती उठत नाहीत. पुढच्या खेपेस मासा लागेल, ही आशा त्यांना बसवून ठेवते. प्रत्येक वेळी हमखास मासा मिळाला असता, तर टोपली भरताच ती घरी गेली असती. मोबाइलवरील चित्रफितींचे असेच आहे. दहांपैकी आठ कंटाळवाण्या असतात, एक बरी असते आणि एक अशी निघते की आपण खदखदून हसतो. ती कितव्या खेपेस येईल हे आधी कळत नाही, म्हणूनच बोट थांबत नाही. वेळ किती झाली ते पाहण्यासाठी मोबाइल उचलावा, आणि अर्ध्या तासाने खाली ठेवल्यावर ध्यानात यावे की वेळ पाहावयाची तशीच राहून गेली, हा अनुभव मोठ्या माणसांनाही रोज येतो.

तेव्हा ज्या वस्तूला स्वतःचा शेवट नाही, तिला तो बाहेरून द्यावा लागणार, हे उघड आहे. तो कोणी द्यावा आणि कसा द्यावा? सांगली जिल्ह्यातील एका गावाने २०२२ साली या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवरून सुरू झाले. ज्या घरांत तोवर मुलांना मोबाइलला हात लावू देत नसत, त्या घरांतूनही तो मुलांच्या हाती देण्यात आला. काही पालकांनी तर त्यासाठी कर्ज काढले. मुलांनी मोबाइल मागून घेतला नव्हता, मोठ्यांनीच तो त्यांना दिला होता, ही गोष्ट आज अनेकजण विसरतात. पुढे साथ ओसरली, शाळा उघडल्या. परंतु मोबाइल काही हातातून सुटला नाही. मुलांना वाचण्यालिहिण्याचा कंटाळा येऊ लागला आहे, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर ती पडद्यातच गुंतलेली असतात, असे वडगावच्या शिक्षकांच्या लक्षात आले. गावातील घरे लहान. अभ्यासाची वेगळी खोली थोड्याच घरांत. एकाच खोलीत आई मालिका पाहत असेल आणि वडील मोबाइल पाहत असतील, तर कोपऱ्यातील मुलाने पुस्तकात डोके कसे घालावे?

गावचे सरपंच विजय मोहिते यांनी एक कल्पना मांडली. रोज सायंकाळी ठरावीक वेळी साऱ्या गावाने दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवावेत. हे जमेल काय, अशी शंका आधी अनेकांना वाटली. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे १४ ऑगस्ट २०२२ रोजी, गावातील महिलांची सभा भरविण्यात आली आणि तीत एक भोंगा विकत घेण्याचे ठरले. पहिल्याने महिलांची सभा घेण्यात मोठाच शहाणपणा होता. कारण सायंकाळच्या मालिका पाहणाऱ्यांचीच संमती नसती, तर भोंगा कितीही मोठ्याने वाजला असता तरी व्यर्थ होता. त्यानंतर आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि सेवानिवृत्त शिक्षक घरोघर गेले. त्यांनी लोकांस समजावून सांगितले. वाडीवाडीवर देखरेखीसाठी समित्या नेमण्यात आल्या.

गावातील मंदिरावर भोंगा बसविण्यात आला. सात वाजता तो पहिल्यांदा वाजे. घरोघरचे पडदे मालवत. मुले वह्यापुस्तके काढीत, कोणी वाचीत, कोणी शेजारी जाऊन गप्पा मारीत. साडेआठ वाजता भोंगा दुसऱ्यांदा वाजे आणि ज्याला जे पाहावयाचे असेल ते पाहण्यास तो मोकळा होई. मोबाइलवर बंदी नव्हती. दिवसाच्या चोवीस तासांतून केवळ दीड तास मागितलेला होता. या प्रयोगाची वार्ता दूरवर गेली. बेळगावजवळील हलगा या गावानेही डिसेंबर २०२४ मध्ये सायंकाळी सात ते नऊ या वेळात असाच भोंगा सुरू केला.

भोंग्यात असे कोणते सामर्थ्य होते? तो कोणाच्या हातातून मोबाइल हिसकावून घेऊ शकत नव्हता. परंतु तो रागावत नव्हता, हीच त्याची खरी शक्ती होती. आई ओरडते तेव्हा मुलाला वाटते, आई माझ्याविरुद्ध आहे. भोंगा वाजतो तेव्हा तो कोणाविरुद्धही नसतो. तो सर्वांसाठी सारखाच वाजतो. शिवाय त्याची वेळ आधीच, शांत डोक्याने, सर्वांनी मिळून ठरविलेली असते. चित्रफीत अर्ध्यावर असताना 'आता थांबू की नको' असा विचार करावा लागत नाही. तो विचार आधीच होऊन गेलेला असतो. पंगतीत ताटावर धरावयाचा आडवा हात तो हाच.

सर्वांसाठी सारखा, या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. ऑस्ट्रेलिया देशाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली. या उपायांमागील काळजी खरी आहे, यात संशय नाही. परंतु घराच्या चार भिंतींत नियम फक्त धाकट्यांना लागू झाला, तर धाकटे तो पाळण्यापेक्षा मोठे होण्याचीच वाट पाहत बसतात.

आता कोणी विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? पडदा पाहिल्याने बिघडते काय? येथे थोडे शरीराकडे वळले पाहिजे. आपण एरव्ही मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो आणि त्यामुळे डोळे ओले राहतात. पडद्याकडे टक लावून पाहताना हे मिटणे बरेच कमी होते. म्हणून डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. जवळचे पाहताना डोळ्यांतील भिंगाचा फुगीरपणा वाढविणारा एक लहानसा स्नायू ताणलेला राहतो. दूर पाहिले की तो सैल होतो. याकरिता दर वीस मिनिटांनी निदान वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असे नेत्रवैद्य सांगतात. काशीगावच्या मुलांची या बाबतीत सोय आहे. खिडकीतून टेकडी दिसत असेल, तर तिच्याकडे पाहावे. लहान वयात दूरचे अंधुक दिसू लागण्याचे प्रमाण बाहेरच्या उजेडात खेळल्याने कमी होते, असेही आढळून आले आहे. तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर नेण्याचा उपक्रम चालविला आणि वर्षानुवर्षे वाढत गेलेले अधू दृष्टीच्या मुलांचे प्रमाण प्रथमच उतरू लागले.

झोपेचीही अशीच गोष्ट आहे. अंधार पडला की मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात उतरू लागते आणि शरीराला झोपेची सूचना मिळते. डोळ्यांपुढे प्रखर उजेड असला की ही सूचना लांबणीवर पडते. त्यातून पाहिलेली गोष्ट उत्कंठेची असली, तर मन जागे राहते ते वेगळेच.

भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या 'इंडियन अकॅडमी ऑफ पिडिअ‍ॅट्रिक्स' या संस्थेने याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये. गावी असलेल्या आजीआजोबांशी चित्रसंवाद करण्यापुरती सवलत आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना फार तर एक तास, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. आणि तुमच्या वयाला? तुमच्या वयाला संस्थेने तासांचा आकडा दिलेलाच नाही. झोप, अभ्यास, खेळ, जेवण आणि कुटुंबाबरोबरचा वेळ या सर्वांशी मेळ घालून पडद्याचा वेळ ठरवावा, असे तिने सांगितले आहे. म्हणजे हिशेब तुमच्यावरच सोपविला आहे!

तो करून पाहू. दिवसाचे तास २४. त्यांतून झोपेचे ९ वजा करा. शाळा आणि जाणेयेणे मिळून ७. स्नान, न्याहारी, जेवण यांचे २. अभ्यासाचे २. मैदानावरील खेळाचा १. एकूण २१ झाले. उरले ३. या तीन तासांतच आईला मदत करावयाची, मित्राशी बोलावयाचे, गोष्टीचे पुस्तक वाचावयाचे, खिडकीत नुसते उभे राहावयाचे आणि पडदाही पाहावयाचा. पडदा जेव्हा चार तास घेतो, तेव्हा चौथा तास कोणाच्या तरी वाट्यातून चोरलेला असतो. बहुधा तो झोपेच्या किंवा खेळाच्या वाट्यातून जातो, कारण हे दोघे तक्रार करीत नाहीत.

वडगावचा भोंगा काशीगावात आणता येईल काय? खरे सांगावयाचे तर तो जसाच्या तसा येथे चालणार नाही. एकाच इमारतीत अनेक भाषांची, अनेक कामांची माणसे राहतात. कोणी रात्रपाळीला निघालेला असतो, कोणाची गाडी विरारकडे धावत असते. महामार्गाच्या गोंगाटात आणखी एका भोंग्याची भर कोणालाच नको असेल. परंतु घर हे देखील एक लहानसे गावच आहे, आणि त्यात तीनचार माणसांची ग्रामसभा भरविता येते. रविवारी दुपारी, सर्वांची पोटे भरलेली असताना, ती भरवावी. आपल्या घराचा भोंगा कोणता असावा, हे तीत ठरवावे. एखाद्या घरी तो देवापुढे दिवा लावण्याचा क्षण असेल, एखाद्या घरी सायंकाळची अजान, एखाद्या घरी चर्चची घंटा. आई साडेआठच्या गाडीने येत असेल, तर तिने दारावरची घंटा वाजविणे हाच भोंगा. ज्या घरी कशाचाच नियम नाही, तेथेही कुकरची तिसरी शिट्टी असतेच.

त्या सभेत अडचणीही मांडाव्यात. त्या खऱ्या असतात. बाबांना कामाच्या ठिकाणाहून फोन येतो. तो त्यांनी घ्यावा. पण उभे राहून बोलावे आणि बोलणे संपताच मोबाइल पुन्हा जागेवर ठेवावा. शिक्षकांनी गृहपाठ मोबाइलवर पाठविला असेल, तर तो आधीच वहीत उतरवून घ्यावा. आजींची मालिका नेमकी त्याच वेळी असते, हा प्रश्न सर्वांत अवघड. तेथे आजींना न दुखविता वेळच अर्ध्या तासाने पुढे ढकलावी. वेळ सर्वांना पटेल अशी असली तरच ती टिकते. मोबाइल ठेवण्यासाठी एक डबा नेमावा आणि तो स्वयंपाकघरात ठेवावा. रात्री विजेवर लावावयाचे तेही तेथेच, उशाशी नव्हे.

पहिले दोनतीन दिवस बरे जात नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. डब्याचे झाकण लागले की घर एकाएकी फार शांत वाटू लागते. काय बोलावे, ते सुचत नाही. हात उगीचच खिशाकडे जातो. भावंडांची भांडणे वाढतात. पण मग कोणीतरी माळ्यावरचा कॅरम काढतो, त्याची एक सोंगटी हरवलेली असते, तिच्याऐवजी शर्टाचे बटण घेतले जाते. आणि आजींना अचानक आठवते की, त्या लहान असताना त्यांच्या आळीत दूरचित्रवाणी संच एकच होता, आणि तो पाहण्यासाठी सारी आळी दाराबाहेर चपला काढून बसत असे.

नियम सर्वांत आधी कोण मोडतो? बहुधा मोठे माणूसच मोडते. 'एकच निरोप पाहतो,' असे म्हणत बाबा डब्याकडे जातात आणि परत येत नाहीत. अशा वेळी मुलांनी ओरडू नये, टोमणाही मारू नये. भोंगा रागावत नसतो, हे आपण पाहिलेच. त्यांनी डबा उचलावा, बाबांसमोर धरावा आणि थोडा वेळ तसेच उभे राहावे.